कशावरून?

“आता जे सांगतो त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” श्रीरंगराव म्हणाले, आणि वीणाने फोनमधून मान वर करून बापाकडे अशी नजर टाकली की दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे गप्प झाला असता.

“बाबा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “प्रॉमिस केलंय तुम्ही.”

केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, तिच्या एडिसन गावच्या घरातल्या डायनिंग टेबलाशी बसून, चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत ऐकून घेऊन, पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने लेकीला शब्द दिला होता की यापुढे आईला एकही थाप मारणार नाही. पण तो शब्द जमिनीवर दिलेला होता, आणि आत्ता ते तिघं जमिनीपासून दोन मजले वर होते. विमानतळाच्या लांबच्या पार्किंगपासून टर्मिनलकडे नेणारी मोनोरेल, एकाच बीमवर मांड ठोकून बसलेली, खोक्याएवढ्या डब्यांची, ती दोन स्टेशनांच्या मधे एक बारीकसा धक्का देऊन उभी राहिली होती. धक्का तरी काय, हातातल्या कपातला चहा हिंदकळला नसता. पुढच्या स्टेशनात दुसरी गाडी आहे, ती हलली की आपण हलू, असं वरच्या स्पीकरमधली बाई गोड आवाजात दर मिनिटाला सांगत होती. पण पद्मिनीने दोन्ही हातांनी मधला खांब धरला होता आणि ती एकटक दाराकडे बघत होती. “अहो, मला उतरायचंय,” ती म्हणाली. “इथेच. आत्ता.” दाराच्या काचेपलीकडे नुसती हवा होती आणि खाली भाड्याने द्यायच्या मोटारींचे पांढरे टप. “आई, इट्स ओके, जस्ट रिलॅक्स, दोन मिनिटं,” वीणा म्हणत होती, आणि प्रत्येक ‘रिलॅक्स’ला पद्मिनीची बोटं खांबावर आणखी घट्ट होत होती. समोर मोठी सुटकेस घेऊन बसलेला माणूस आधी त्यांच्याकडे आणि मग सभ्यपणे स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. पद्मिनीची पर्स श्रीरंगरावांच्या काखेत होती. ती पर्स सावरत ते बायकोच्या जवळ सरकले आणि म्हणाले, आता जे सांगतो त्यावर.

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल याला हिशेब नव्हता. चिंचवडच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी क्रेन उभ्या केल्या, तपासल्या, आणि संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता हे वाक्य म्हटलं. त्यापुढे जे यायचं ते कधीच खरं नसायचं. एकदा जनरल मॅनेजर दुपारी आपल्या अँबॅसडरमध्ये झोपले असताना श्रीरंगरावांनी गाडीसकट त्यांना क्रेनने उचललं, अख्ख्या शॉपवरून, म्हणजे कारखान्याच्या शेडवरून, फिरवलं आणि तोंड उलट्या दिशेला करून खाली ठेवलं. साहेब जागे झाले, गाडी सुरू केली, आणि घरी जायच्या ऐवजी थेट साताऱ्याला पोचले. पद्मिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं होतं, “खोटं.” तांदळातला खडा बाजूला काढून ठेवावा तसा तो शब्द तिने काढून ठेवला. मग श्रीरंगरावांनी विचारायचं, “कशावरून?” आणि तिने एकच पुरावा द्यायचा, एकच, पण असा की पुढे बोलायची सोय राहू नये. “तुमच्या साहेबांना ड्रायव्हर होता.” झालं. त्यावर दोघांनी चहा घ्यायचा. इतर बायकांचे नवरे कामावरून आले की काय बोलत असतील ते असोत, यांचं एक्कावन्न वर्षं हे चाललं होतं. वीणा लहानपणी या दोन शब्दांच्या मधे बसून गृहपाठ करायची. खोटं. कशावरून? श्रीरंगरावांना पुढे पुढे असं वाटायला लागलं होतं की गोष्ट आपण सांगतच नाही, ती त्या पुराव्यासाठी नुसती मांडून ठेवतो. पद्मिनी कुठून पकडेल हे त्यांना आधी कधीच कळायचं नाही, आणि तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप.

आणि मग या मार्चमध्ये ते ओक ट्री रोडवरून भाजी घेऊन आले. बर्फ वितळून रस्त्याकडेला काळा चिखल झाला होता. पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी सांगितलं की दुकानात आज कोथिंबीर फुकट वाटत होते, सहा जुड्या मिळाल्या, पण येताना कोपऱ्यावर एक हरीण आडवं आलं आणि पाच जुड्या उभ्या उभ्या खाऊन गेलं, सहावी कशीबशी वाचवली. यात चार ठिकाणी पकडण्यासारखं होतं. फुकट कोथिंबिरीवर तर शेजारच्या घरातलं मांजरसुद्धा उठून बसलं असतं. पद्मिनीने जुडी हातात घेतली, देठ मोडून वास घेतला आणि म्हणाली, “हो का? बिचारं. थंडीचं काय खाणार ते.”

हो का. श्रीरंगराव फ्रिजचं दार उघडं धरून उभे राहिले. फ्रिज टुं टुं वाजायला लागला तरी त्यांना ते ऐकू आलं नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच असावी, तसा तो छोटासा ‘हो का’ त्यांच्या टाचेतून डोक्यापर्यंत गेला. त्यांना वाटलं, चेष्टा असेल. दुसऱ्या दिवशी मोठी थाप मारली. हो का. आणखी मोठी. क्रेन तपासायची त्यांची पद्धत त्यांना आठवली: जितकं वजन तिने उचलायचं, त्याच्या सव्वापट टांगायचं. क्रेनची आडवी तुळई, म्हणजे गर्डर, मधोमध वाकतो. वाकणारच, त्याचं काही नाही. किती वाकला ते खडूने लिहायचं आणि वजन उतरवायचं. वजन उतरवल्यावर तो परत वर यायला हवा. नाही आला, केसभर जरी खाली राहिला, तर तो गर्डर गेला असं समजायचं. त्याला ‘परमनंट सेट’ म्हणत, आणि हे दोन शब्द शॉपमध्ये कुणी मोठ्याने उच्चारत नसे. श्रीरंगराव थाप मारून गप्प बसायचे आणि पद्मिनीच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. वर येतोय का. येतोय का. ती प्रेमाने विचारायची, “मग पुढे काय झालं?”

आता तिला सगळंच खरं वाटत होतं, आणि खरं वाटलेलं ती लक्षातही ठेवत होती, हे त्याहून वाईट. सकाळी गोळी घेतली की नाही हे विसरणारी बाई हरणाची हकिगत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात नैनाकाकूंना तपशीलवार सांगून आली. नैनाकाकू समजुतीने हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वीणाला फोन आला. मग डॉक्टर. डॉक्टरीण तरुण होती, सावकाश बोलायची. तिने पद्मिनीला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि विचारलं, गेल्या वर्षभरात कुठे प्रवास केलात? पद्मिनी खुलली. “नायगाराला गेलो होतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी गेलेलं होतं. नुसते दगड. लोक कॅमेरे घेऊन ताटकळलेले. मग यांनी वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला.” वीणाने कसनुसं तोंड करून त्याचं इंग्रजी केलं. डॉक्टरणीने एक लांबलचक शब्द लिहिला. गाडीत वीणाने त्याचा अर्थ सांगितला: मेंदूत रिकाम्या जागा पडतात ना बाबा, त्या तो स्वतःच काहीतरी रचून भरतो, आईला कळत पण नाही. श्रीरंगराव मागच्या सीटवर बसून ऐकत होते. नायगारा एप्रिलमधला. शनिवारचा. पोह्यांबरोबर सांगितलेला. ती रिकामी जागा कुणी भरली होती हे त्या गाडीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने ते घरी जाऊन चहाच्या टेबलावर कबूल केलं.

वीणा ओरडली नाही, हे जास्त लागलं. “बाबा, आधी ती गेम होती. आय नो. मला पण आवडायची. पण गेमला दोन जण लागतात ना?” ती म्हणाली. “आता फक्त तुम्हीच खेळताय. आई नुसतं बिलीव्ह करते. मग ते काय झालं?” शब्द तिने उच्चारला नाही. श्रीरंगरावांनी मनात उच्चारला. पकडणारं कुणी असेपर्यंत थाप असते, नंतर ती फसवणूक होते. एक्कावन्न वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, कारण पलीकडे कायम कुणीतरी बसलेलं होतं. डॉक्टरणीच्या दवाखान्याबाहेर पार्किंगमध्ये चालताना पद्मिनी एका ठिकाणी थबकली होती, गाडी कुठल्या बाजूला ते तिला सुचेना. तेव्हा तिचा हात धरावा असं त्यांना फार वाटलं. पण एक माणूस पाठीवर यंत्र घेऊन पाचोळा उडवत होता, आणि तो बघत होता, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी तिची पर्स घेतली. “आण, मी धरतो,” म्हणाले. तेव्हापासून पर्स त्यांच्याकडे असते.

“मला उतरवा हो,” पद्मिनी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. “ही गाडी हलतीय. खाली पडेल.”

“ही कसली पडते,” श्रीरंगराव म्हणाले. “ही तर बीमवर बसलीय, म्हैस बसावी तशी. पडायचीच असती तर ती पडली असती, चीनमधली.”

“बाबा, डोंट,” वीणा म्हणाली.

“तू मग सांग काहीतरी,” ते म्हणाले. “सांग. रिलॅक्स सोडून दुसरं.”

वीणाने फोन खिशात घातला.

चीन डोक्यात होताच. वीणाची लेक रुचा इथल्याच एका कंपनीत रेल्वेची डिझाइनं करते. तिला दोन आठवडे तिकडची टांगती रेल्वे बघायला पाठवलं होतं आणि ती आज परत येत होती, तिलाच आणायला हे निघालेले. त्या शहराचं नाव तिने फोनवर तीनदा सांगितलं आणि श्रीरंगरावांना तीनदा वेगळं ऐकू आलं. पण तिने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी आयपॅडवर इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटून काढून दाखवला असता. रस्त्याच्या मधोमध खांबांची ओळ, खांबांवर पोकळ बीम, त्याच्या पोटाला खालून फट, चाकं सगळी त्या पोटात. फटीतून खाली आलेले हात आणि त्या हातांना लटकलेला डबा, झाडांच्या शेंड्यांवरून चाललेला. डब्याच्या जमिनीला मधे काच, आणि काचेवर रुचाचे बूट, आणि बुटांखाली झाडं, मग मोटारी, मग एकदम पाणी. वळणावर डबा बाहेरच्या बाजूला झुलायचा, पुन्हा सरळ व्हायचा. “कूल ना, आजोबा?” पाठीमागून तिचा आवाज. श्रीरंगराव म्हणाले होते, “आमच्या शॉपमध्ये असल्या चार होत्या. त्यांना पण मोनोरेलच म्हणायचे. फक्त खाली हूक असायचा, माणसं नसायची.” रुचा म्हणाली, “येस, येस, आजोबा.” तिला ती थाप वाटली. आणि नेमकी ती थाप नव्हती.

“आपण दोघं गेलो होतो ना चीनला,” श्रीरंगराव पद्मिनीला म्हणाले. वीणाने डोळे मिटून घेतले. “रुचाच्या कंपनीने बोलावलं. त्यांनी ती टांगती गाडी बांधली, सगळं कॉम्प्युटरवर, पण डबा काही केल्या सरळ लटकेना. डावीकडे कलायचा. मग शोधाशोध झाली की जगात टांगण्यातलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं. चिंचवडला पत्र आलं.”

“हो का,” पद्मिनी म्हणाली. डोळे दारावरून सुटले नव्हते, पण कान इकडे वळला होता. एवढं त्यांना पुरलं. त्यांनी पर्स दुसऱ्या काखेत घेतली.

“स्टेशनवर बँड. तू ती मोरपिशी साडी नेसली होतीस. तिथल्या साहेबांनी मला वाकून नमस्कार केला, मी डब्याखाली उभा राहिलो, वर पाहिलं आणि म्हटलं, डावीकडच्या बाकाखाली कुणाचा तरी जेवणाचा डबा राहिलाय, तो काढा. काढला. गाडी सरळ! मग आपल्याला पहिल्या फेरीचा मान. सगळा डबा काचेचा, जमीनसुद्धा. आणि सुटली की काय ती.”

“कशावरून?” पद्मिनीने विचारलं.

श्रीरंगरावांनी तिच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांचा होता. तो तिने कधी वापरला नव्हता, तिला गरजच पडली नव्हती. तिच्याकडे पुरावा असायचा. पण त्याच्या शेजारी इतकी वर्षं राहिलेला दुसरा शब्द आता कुठल्याही क्षणी येईल असं त्यांना वाटलं आणि ते वाट बघत राहिले. वीणानेही डोळे उघडले होते.

“कशावरून म्हणजे?” त्यांनी हळूच विचारलं.

“अहो, गाडी कशावरून गेली? रस्त्यावरून का पाण्यावरून?”

“आधी रस्त्यावरून,” श्रीरंगराव म्हणाले. “मग पाण्यावरून.” आवाज नेहमीचाच लागला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. वजन टांगलेलं आहे आणि गर्डर वाकलेला आहे, आणि आपण खाली उभं राहून वर बघतोय. गाडी हलली की ही गोष्ट संपवायची. ही शेवटची, लेकीला पुन्हा शब्द देऊ, या वेळी हवेत दिलेलासुद्धा पाळू. बोलायला काय, हवापाण्याचं बोलता येतं. गोळी घेतलीस का, असं बोलता येतं. पुष्कळ जोडपी तेवढंच बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही.

“पण रिकामी गाडी चालवून काय कळणार?” ते पुढे म्हणाले, कारण पद्मिनीचा एक हात खांबावरून सुटून खाली आला होता आणि थांबणं शक्य नव्हतं. “सव्वापट वजन पाहिजे. त्यांनी वाळूची पोती आणलेली. मी म्हटलं, पोत्यांनी गाडीला काय कळतंय, माणसं आणा. आता एवढी माणसं कुठून आणणार? तर खालून एक लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं. अख्खं वऱ्हाड चढवलं. वाजंत्री, म्हातारे, नवरानवरी, सगळे. गाडी पाण्यावर आली, वळणावर अशी झुलली, आणि खाली काचेतून पाणीच पाणी. वऱ्हाडातले म्हातारे देवाचं नाव घ्यायला लागले.”

“चिनी देवाचं?”

“तर. तू पण घाबरलीस. असाच खांब धरलास. पण तो नवरामुलगा काय करतोय, त्याने बायकोचा हात असा घट्ट धरलाय आणि सोडायला तयार नाही. सगळे बघतायत, हसतायत, त्याला फिकीर नाही. मग मी पण उठलो, सगळ्या गाडीसमोर तुझ्याकडे आलो आणि तुझा हात धरला. पलीकडचं स्टेशन येईपर्यंत धरला होता.”

हे कुठून आलं ते त्यांना कळलं नाही. वऱ्हाडापर्यंत ठरवलेलं होतं, पुढचं आपसूक घरंगळत आलं. व्हिडिओत ते नव्हतं. स्पीकरमधली बाई काहीतरी बोलायला लागली, समोरच्या माणसाने सुटकेसचा दांडा वर ओढला, आणि पायाखाली कुठेतरी मोटर गुणगुणली. पद्मिनीने दाराकडची मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. भुवया जराशा जवळ आल्या होत्या. ताटातल्या तांदळात काहीतरी दिसावं तशा.

“खोटं,” ती म्हणाली.

गाडी हलली. श्रीरंगरावांचा तोल गेला, त्यांनी तोच खांब तिच्या हाताच्या जरा वर धरला. विचारायचं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं.

“कशावरून?”

“चारचौघांत माझा हात? तुम्ही?” पद्मिनी म्हणाली. “अहो, स्वतःच्या लग्नात भटजी दोनदा ओरडले, मुलीचा हात धरा, हात धरा, तर तुम्ही उपरण्याचं टोक पुढे केलंत.”